तीस किलोडाल्टनचा पट्टा

नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधल्या राजपाल कश्यप, हातिम दागिनावाला आणि सहकाऱ्यांचा 2005 सालचा एक शोधनिबंध मी आवडीने पुन्हा पुन्हा वाचतो. विषय आहे मेंदूच्या आवरणाचा क्षय.

या आजारात पाठीतून काढलेल्या पाण्यात जंतू इतके विरळ असतात, की सूक्ष्मदर्शकाखाली ते सहसा सापडत नाहीत. कल्चर वाढायला काही आठवडे लागतात आणि रुग्णाजवळ तेवढा वेळ नसतो. मग जंतूऐवजी त्याने केलेलं काम शोधायचं, हा या निबंधाचा गाभा.

पाण्यातली प्रथिनं जेलमध्ये भरून वीज सोडली की लहान प्रथिनं झरझर पुढे जातात, मोठी मागे अडकतात. रंग दिला की आडवे पट्टे उमटतात. या गटाला रुग्णांच्या नमुन्यांत 30 किलोडाल्टनजवळचा पट्टा आधीच आढळला होता. पण पट्ट्यावरून वजन कळतं, ओळख पटत नाही. ती पटवण्यासाठी त्यांनी पट्टा कापून त्यातल्या प्रथिनांचे तुकडे मास स्पेक्ट्रोमेट्रीने तपासले, क्षयजंतूची प्रथिनं हेरणाऱ्या प्रतिपिंडांनी खातरजमा केली आणि त्या पट्ट्यात अँटिजेन 85 संकुलातली प्रथिनं आहेत हे दाखवलं.

इथे निबंध खरा रंगतो. ही प्रथिनं एफबीपीए, एफबीपीबी आणि एफबीपीसी या जनुकांची निर्मिती. जंतूच्या मेणचट भिंतीत मायकोलिक आम्ल बसवणं हे त्यांचं काम, आणि जंतू ती भरपूर प्रमाणात बाहेर सोडतो. ज्या भिंतीच्या बळावर तो तग धरतो, ती बांधणारेच त्याचा ठावठिकाणा सांगतात!

याच जनुकांपैकी एकाचा संदेश, म्हणजे एमआरएनए, 1999 साली अमेरिकी संशोधकांनी रुग्णांच्या थुंकीत मोजला होता. संदेशाची डीएनए-प्रत करून ती पीसीआरने वाढवायची, अशी ती रीत. औषध सुरू झाल्यावर संदेश झपाट्याने ओसरला, डीएनए मात्र रेंगाळला. डीएनएवरून जंतू होता एवढंच कळतं. संदेशावरून त्याचं काम आत्ता चालू आहे की नाही, हे उमगतं.

संदेश काही मिनिटांत विरतो, प्रथिन त्या मानाने टिकतं. म्हणून जंतू जिवंत आहे का, हे प्रथिन खात्रीने सांगू शकत नाही. पण विरळ जंतूंच्या पाण्यात हाती लागण्याची शक्यता त्याचीच जास्त. नागपूरकरांनी प्रथिनाची वाट धरली ती म्हणूनच मला मोलाची वाटते: रुग्णाची निकड ओळखून पद्धत निवडणं, यात संशोधकाची खरी जाण दिसते.