कुलवृत्तांतातील एक ओळ

मराठीत कुलवृत्तांत पुष्कळ झाले. त्यांचे परीक्षण मात्र क्वचितच होते. आप्तांनी आप्तांसाठी लिहिलेला ग्रंथ म्हणून टीकाकार त्याच्या वाटेस जात नाहीत. आम्हांस हे गैर वाटते. ज्या ग्रंथात शेकडो माणसांची चरित्रे चार-चार ओळींत आटोपली जातात, त्याने कोणाचे काय सांगितले आणि काय गाळले हे कोणीतरी पाहावयास हवे.

आमच्या घराण्याच्या वृत्तांतात खापरपणजोबांच्या वाट्यास एकच ओळ आली आहे : शके 1825 मध्ये ते विरक्त होऊन काशीस गेले. आजीचे ते आजेसासरे. ही हकीकत ती हात जोडून सांगे. पुढे आम्ही नोकरीनिमित्त दिल्लीकर झालो. गावच्या घराच्या वाटणीच्या वेळी माळ्यावरचे रुमाल सुटले, तेव्हा त्यांतील मोडी कागद एका जाणत्या गृहस्थांकडून वाचून घेतले. त्यांत एक कर्जरोखा निघाला. घर व भातशेती गहाण. मुदत शके 1825 च्या फाल्गुनअखेर. सर्व्हिस बुकातील तारखा पडताळण्यात ज्यांचे आयुष्य जाते, त्या आम्हां कारकुनांस असा मेळ बसला की झोप येत नाही. कर्जबाजारी मनुष्य विरक्त होऊच शकत नाही असे नव्हे. परंतु वृत्तांतात वैराग्य आले आणि रोखा आला नाही.

त्याच रुमालात हप्तेबंदीचा एक कागद आहे. त्याखाली खापरपणजीची निशाणी : बांगडी. अकरा वर्षांनी सावकाराने भरून पावल्याचा शेरा मारला आहे. वृत्तांतात या बाईंचे सासरचे नाव व माहेरचे आडनाव, एवढेच.

येथे विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'ची आठवण होते. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक 1857 साली उत्तर हिंदुस्थानात निघाला, तो घरचे कर्ज फिटावे म्हणून. आणि ते त्याने झाकून ठेवले नाही. बंडाच्या धामधुमीत सापडून, झांशीचा वेढा डोळ्यांनी पाहून तो परतला. ही हकीकत त्याने लिहिली नसती, तर वंशावळीत तोही यात्रेकरू म्हणूनच उरला असता. चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली ती छापताना तिच्यावर बराच हात फिरविला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली पुढे आणली. सोज्ज्वळ करण्याचा मोह एवढ्या मोठ्या विद्वानासही आवरला नाही, मग घरोघरी पत्रे धाडून माहिती जमविणाऱ्या संपादकांस आम्ही काय बोल लावावा? पदरमोड करून, गावोगाव हिंडून त्यांनी नावे वाचविली, हे ऋण आहेच. पण घरच्यांनी भरून दिलेल्या माहितीत कर्ज कोण लिहील?

पुरवणीसाठी आम्ही दोन्ही कागदांच्या नकला पाठविल्या. असे काही छापण्याचा प्रघात नाही, असे उत्तर आले. खापरपणजोबांची ओळ आहे तशी राहू देण्यास आम्ही संमती दिली. खापरपणजींच्या नावापुढे ती अकरा वर्षे मात्र यावीत, असे पुन्हा लिहिले आहे. त्यास उत्तर अद्याप नाही.