ठिणगी कोणाच्या हुकमाने?

बालभारतीच्या २०१८ सालच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात ‘अवकाश मोहिमा’ हे प्रकरण आहे. मुक्तिवेग, कक्षा, उपग्रहांचे प्रकार ही मांडणी नेटकी आहे. शिकवताना आम्हाला तिचा आधारच वाटतो. आमची हरकत आहे ती प्रक्षेपकाच्या टप्प्यांपाशी. पहिल्या टप्प्याचे इंधन संपते, तो गळून पडतो, दुसरा पेटतो, एवढ्यावर विषय मिटतो. पण इंधन संपल्याचे कळले कोणाला? दुसरा पेटवला कोणी?

हे प्रश्न किरकोळ नाहीत. २४ मार्च १९८७ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या पहिल्या एएसएलव्हीचे बाजूचे दोन बूस्टर जळून संपले आणि मधली मोटर पेटलीच नाही. १३ जुलै १९८८ ला ती पेटली, पण बूस्टरचा जोर ओसरणे आणि तिचा जोर चढणे यांत खंड पडला व यान ताब्यातून गेले. २० मे १९९२ च्या यशस्वी उड्डाणात नुसत्या घड्याळावर न विसंबता, जोर प्रत्यक्ष ओसरल्याचे ओळखून मधली मोटर पेटवली गेली.

छंदाच्या रॉकेटमध्ये हाच पेच पॅराशूटपाशी येतो. ते बाहेर ढकलणारी चिमूटभर दारू शिखरावरच पेटायला हवी. ‘सी६-५’ या मोटरमधला शेवटचा ५ म्हणजे जळण संपल्यावर ५ सेकंदांची वाट. रॉकेट फार जड झाले तर शिखर त्याआधीच येऊन जाते आणि वेगाने कोसळताना उघडलेले पॅराशूट फाटते. त्यापेक्षा हवेचा दाब मोजणारी चिप शहाणी. छत्रपती संभाजीनगरच्या उंचीवर साधारण ९ मीटर चढले की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. देवगिरीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे २० चा फरक पडतो. चिपने उंची अचूक सांगण्याची गरजच नाही. उतरता दाब चढू लागला, की शिखर झाले.

शाळेत दारूला हातही लावू नये. तिच्या जागी एलईडी जोडावा. चिप हवाबंद बरणीत ठेवून मोठ्या सिरिंजने हवा ओढली की ‘रॉकेट’ चढते, दट्ट्या परत ढकलला की दिवा लागायला हवा. एखादा खट्याळ विद्यार्थी मध्येच दट्ट्याला हिसका देऊन दिवा अवेळी लावून दाखवील. त्याला रागावू नये. सलग किती नोंदी चढत्या दिसल्यावर हुकूम द्यायचा, हे त्यालाच ठरवायला सांगावे.