साखर कुठे जमा झाली?

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध आला तो फक्त गीझर बिघडल्यावर. त्यामुळे विज्ञानाच्या पुस्तकावर टीका करण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. पण वीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला जमा आणि नावे एवढे तरी कळते. आणि आमच्या चिरंजीवांच्या सहावीच्या गाईडातला हिशेब जुळत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

गाईडाचे नाव सांगत नाही. मुखपृष्ठावर एक गोरागोमटा मुलगा चंचुपात्राकडे बघून हसतो आहे. (आमचा मुलगा असा हसला, की काय फुटले ते आधी बघावे लागते.) आत प्रश्न तिसरा : 'मिश्रण व द्रावण यांतील फरक स्पष्ट करा. गुण ३.' खाली दोन रकाने आणि मधे उभी रेघ, भाऊबंदकीत वाटणी झाल्यावर ओसरीत भिंत घालतात तशी. मिश्रणाचे घटक डोळ्यांना दिसतात, द्रावणाचे दिसत नाहीत. मिश्रण गाळून वेगळे करता येते, द्रावण येत नाही. उदाहरणे : वाळू आणि लोखंडाचा कीस, मीठ आणि पाणी. संपले शास्त्र!

चिरंजीव हे सगळे मोठमोठ्याने पाठ करत होते आणि मी शेजारी चहा पीत होतो. मधेच थांबून तो म्हणाला,

"बाबा, चहा कुठल्या रकान्यात?"

"द्रावण," मी बेधडक सांगितले.

"मग आईने गाळला कशाला?"

"बरं, मिश्रण."

"मग साखर का दिसत नाही?"

"चहा निवतोय!" आतून सौ. ओरडली. या घरात शास्त्रीय चर्चेचा समारोप नेहमी तीच करते.

पण मला चैन पडेना. चार पुस्तके चाळली आणि लक्षात आले, की मूळ प्रश्नच चुकीचा आहे. द्रावण हेसुद्धा मिश्रणच. फक्त ते एकजीव असते, कुठूनही थेंब घेतला तरी सारखाच. शास्त्रवाले त्याला समांगी मिश्रण म्हणतात. तेव्हा 'मिश्रण व द्रावण यांतील फरक' हा प्रश्न 'खाते व बचत खाते यांतील फरक' असा झाला. एखादा ग्राहक असे विचारायला आला, तर मी त्याला सरळ मॅनेजरच्या केबिनचा रस्ता दाखवीन.

बिचाऱ्या चहाचा हिशेब मांडला तर असा निघतो : साखर विरघळलेली, म्हणजे द्रावण. पत्तीचा रंग आणि कडवटपणा पाण्यात उतरलेला, तोही बव्हंशी द्रावण. खाली राहिलेली पत्ती गाळणीत. आणि दूध? दूध हा या खटल्यातला खरा बनेल साक्षीदार. दिसायला एकजीव, गाळणीतून सुखेनैव पार. पण आत चरबीचे आणि प्रथिनांचे बारीक कण तरंगत असतात. याला कलिल म्हणतात. रात्री दिवे मालवून आम्ही दोन पेले ठेवले, एकात मिठाचे पाणी, दुसऱ्यात पाणी आणि दोन थेंब दूध. बाजूने बॅटरी मारली. मिठाच्या पाण्यातून प्रकाश गुपचूप निघून गेला, दुधाच्या पाण्यात त्याचा पट्टा लख्ख दिसला. १९व्या शतकात जॉन टिंडल यांनी याचा अभ्यास केला होता. आमच्या घरी तो 'दिवे कुणी घालवले' या आरोळीपर्यंतच पोचला.

गाईड पुढे म्हणते, द्रावणात जे कमी ते द्राव्य आणि जे जास्त तो द्रावक. सौ.ला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "गुलाबजामच्या पाकाला दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. म्हणजे मी साखरेत पाणी विरघळवते की काय?" मी गाईड मिटले.

खरी मौज तर पुढेच आहे. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाणी जेमतेम ३६ ग्रॅम मीठ पचवते. साखर मात्र सुमारे २०० ग्रॅम! पुढे कर्ज मंजूर नाही. पाणी तापवले की साखरेची मर्यादा भराभर वाढते, मिठाची मात्र उगीच कणभर. पाणीसुद्धा पत बघून कर्ज देते, हे या पुस्तकात असते तर मी विज्ञानाला गेलो असतो.

पण मुलाच्या डोक्यात घोळत होते ते वेगळेच. 'दिसत नाही' म्हणजे साखर गेली कुठे? मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. २०० ग्रॅम पाणी, ५० ग्रॅम साखर. ढवळून पुन्हा वजन : २५० ग्रॅम. पै न पै जुळली. नंतर त्याने एक वाटी पाण्यात एक वाटी साखर विरघळवली, तर दोन वाट्या भरेनात! वजनाचा ताळेबंद जुळतो, जागेचा जुळत नाही. साखरेच्या दाण्यांमधे हवा होती, ती वाटीत फुकटची जागा अडवून बसली होती. पोरगा अर्धा तास नाचत होता. साखरेचा डबा रिकामा झाला, ते सौ.ला दुसऱ्या दिवशी कळले.

परीक्षेच्या आदल्या रात्री त्याने विचारले, "बाबा, फरक विचारला तर काय लिहू? द्रावण पण मिश्रणच असतं, असं लिहू?"

मी कपाळावर आठी आणली. तीन गुणांचा प्रश्न. "गाईडातलं लिही," मी म्हणालो.

त्याने लिहिले. तीनपैकी तीन मिळाले. त्यानंतर आठवडाभर त्याने मला काहीही विचारले नाही. चहासुद्धा कुठल्या रकान्यात न घालता मुकाट्याने आणून ठेवत होता.

शनिवारी प्रगतिपुस्तक पुढे आले. वीस वर्षांत न जुळलेल्या व्हाउचरवर मी कधी सही केलेली नाही. त्या दिवशी केली.