वारसाचे दुःख आणि वारशाचा प्रश्न : मराठी ऐतिहासिक नाटक-कादंबरीतील राजपदाचा विचार

प्रास्ताविक

वारशाने येणाऱ्या अधिकाराविषयी मराठी लोकमानस एकविचारी नाही. 'खाण तशी माती' या म्हणीचा जन्मावर विश्वास आहे, तर 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण कष्टाविना लाभलेल्या स्थानाची टर उडविते. एकाच भाषकसमूहाने या दोन्ही म्हणी जपल्या आणि प्रसंगानुसार वापरल्या. राजेशाही व वंशपरंपरागत विशेषाधिकार यांविषयीच्या लोकभावनेतील हे द्वैत ललित वाङ्मयात कसे उमटते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ऐतिहासिक नाटक व कादंबरी हे मराठी वाचकाचे अत्यंत आवडते प्रकार असून पदवीच्या वर्गातही ते आवर्जून शिकविले जातात. त्यामुळे या कलाकृती वाचकाच्या मनात राजपदाविषयी कोणती भावना घडवितात, हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही.

लेखातील प्रतिपाद्य थोडक्यात असे : मराठी ऐतिहासिक ललितकृतींनी गादीच्या वारसाचे दुःख फार समर्थपणे रंगविले, परंतु त्या दुःखाच्या भरात गादी वारशाने का मिळावी, हा मूळ प्रश्न मागे पडला. तो प्रश्न ज्यांनी विचारला, ते लेखक राजवाड्याच्या बाहेरून आले.

१. रयतेचा राजा आणि वतनाची जाचणी

महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजीराजांवर पवाडा रचला. 'कुळवाडीभूषण' हे त्यांनी राजाला दिलेले विशेषण अर्थपूर्ण आहे. राजाची थोरवी येथे कुळावरून ठरत नाही. शेतकऱ्याशी असलेल्या त्याच्या नात्यावरून ठरते. पुढे कॉ. गोविंद पानसरे यांच्या 'शिवाजी कोण होता?' (१९८८) या पुस्तिकेत हीच दृष्टी अधिक स्पष्ट झाली. राजाने रयतेसाठी काय केले, हा तिचा निकष आहे.

या दृष्टीला इतिहासाचाही आधार आहे. वतनदारांना वेसण घालणे व अधिकाऱ्यांना शक्यतो रोख वेतन देणे हे शिवकालीन राज्यव्यवस्थेचे धोरण मानले जाते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायादच समजून त्यांच्याविषयी सावधगिरीचा इशारा दिलेला आहे. तथापि याच इतिहासाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. स्वपराक्रमाने राज्य उभारणाऱ्या राजालाही १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी क्षत्रियत्व सिद्ध करावे लागले आणि सिसोदिया वंशाशी नाते सांगावे लागले. कर्तृत्व पुरेसे होते, पण त्याला मान्यता मिळण्यासाठी वंशावळ लागली. पेशवेपदाचा प्रवासही असाच आहे. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना छत्रपतींनी दिलेले हे प्रधानपद १७२० नंतर त्यांच्या घराण्यातच राहिले. नेमणुकीने मिळालेले पद वतनाप्रमाणे वंशाकडे चालत गेले.

२. 'भाऊबंदकी' : न्यायाधीश आणि चाळीस दिवसांचा पेशवा

कृ. प्र. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' (१९०९) हे नाटक नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधाभोवती फिरते. या नाटकाचे नैतिक केंद्र रामशास्त्री प्रभुणे आहेत. त्यांचा अधिकार जन्माने आलेला नाही. तो विद्येचा व निःस्पृहतेचा अधिकार आहे. राघोबांना त्यांच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सुनावणारा हा न्यायाधीश प्रेक्षकांच्या मनात राजापेक्षा उंच होतो. राजसत्तेविषयीची चिकित्सा मराठी रंगभूमीवर इतक्या प्रभावीपणे क्वचितच आली असेल.

असे असले तरी नाटकाचे नावच त्याची मर्यादा सांगते. दोष भाऊबंदकीत आहे, घरातल्या दुहीत आहे, असे निदान येथे केले आहे. गादी एकाच घराची असल्यामुळेच ही भाऊबंदकी राज्यभर पसरते, याकडे नाटकाचे लक्ष जात नाही. प्रत्यक्ष इतिहासात या वधावर शोधलेला उपाय लक्षणीय आहे. बारभाईंनी राघोबांना दूर सारले आणि १७७४ साली पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावाला अवघ्या चाळीस दिवसांचा असताना पेशवेपदाची वस्त्रे दिली. सत्तेच्या लोभातून खून झाला म्हणून पाळण्यातल्या बालकाला सत्ता दिली गेली. कारभार अनुभवी मुत्सद्द्यांनीच करावयाचा होता, तरी नाव वंशाचे हवे होते. या विसंगतीत एका शोकात्म, किंबहुना उपहासात्म नाटकाचे बीज होते. मराठी ऐतिहासिक नाटकाच्या मुख्य परंपरेत ते फारसे रुजले नाही.

३. १९६२ : एक वर्ष, दोन कलाकृती

१९६२ हे वर्ष या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी आणि वसंत कानेटकर यांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे नाटक, या दोन्ही कृती त्या वर्षी रसिकांसमोर आल्या. त्याच वर्षी १ मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि महसुली पाटलांचे वंशपरंपरागत पद रद्द करणारा कायदाही संमत झाला. त्याआधी परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या आणि कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली होती. म्हणजे गावपातळीवरील जन्मसिद्ध अधिकार कायद्याने मावळत असतानाच वाङ्मयात जन्मसिद्ध सत्ताधाऱ्याची व्यथा वाचकांना हेलावून सोडत होती. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध आहे असा दावा येथे करावयाचा नाही. मात्र त्या एकाच समाजाच्या दोन मनोवृत्ती आहेत, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

'स्वामी'चा नायक माधवराव वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवा होतो आणि सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने थेऊरला देह ठेवतो. पानिपतानंतरचे खचलेले राज्य, चुलत्याचा विरोध, रमाबाईंशी असलेले हळुवार नाते व सततचे आजारपण यांतून देसाई एक अत्यंत हृद्य व्यक्तिमत्त्व उभे करतात. माधवरावांची कर्तबगारी इतिहासमान्य आहे. परंतु कादंबरीचा एक सुप्त परिणाम असा की, वारसाहक्काने आलेला मुलगा उत्तम निघाला, तेव्हा वारसाहक्कच योग्य ठरल्यासारखा वाटतो. अपवादात्मक माधवरावाने नियमाची लाज राखली. त्याच घराण्यातील दुसऱ्या बाजीरावाकडे पाहताना मात्र आपण दोष व्यक्तीला देतो, नियमाला देत नाही.

'रायगडाला जेव्हा जाग येते' या नाटकात गादीच्या वारशाचा पेच अगदी उघड आहे. सोयराबाईंची राजारामासाठीची आकांक्षा, प्रधानमंडळातील काहींची संभाजीविषयीची नाराजी आणि पिता-पुत्रांमधील वाढता दुरावा, ही त्याची सामग्री होय. कानेटकरांनी शिवाजीराजांना सिंहासनावरून उतरवून घरातला बाप केले, हे त्यांचे मोठेच यश आहे. संभाजीच्या भूमिकेने काशिनाथ घाणेकरांना अमाप लोकप्रियता मिळाली, यातही नवल नाही. दुखावलेला, समजून न घेतलेला मुलगा प्रत्येक पिढीतील तरुणाला आपला वाटतो. परंतु नेमक्या याच यशामुळे राजकीय प्रश्न कौटुंबिक दुःखात विरघळतो. राज्य कोणाचे, हा प्रश्न बाप-लेकांचा समेट होणार की नाही, या प्रश्नात रूपांतरित होतो. ज्या रयतेचे भवितव्य या कलहावर अवलंबून आहे, तिला या निवडीत मत नाही. आणि तिला मत नाही, याची खंत प्रेक्षकालाही वाटत नाही.

हाच दुभंग राजकारणातही दिसतो. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी १९६२ साली प्रचंड मताधिक्याने लोकसभेवर निवडून आल्या आणि १९७१ सालीही विजयी झाल्या. संस्थानिकांचे तनखे व मान्यता रद्द करणारी २६ वी घटनादुरुस्ती त्याच १९७१ सालची. प्रजासत्ताकाने राजेपण रद्द केले आणि त्याच प्रजासत्ताकातील मतदारांनी राजघराण्यांना मते दिली.

४. 'घाशीराम कोतवाल' : वारसा नसलेला बाप

विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली रंगभूमीवर आले आणि त्याभोवती मोठा वाद उठला. नाना फडणवीसांच्या चित्रणाने त्यांची व पुण्याच्या ब्राह्मणवर्गाची बदनामी होते, असा आक्षेपांचा मुख्य रोख होता. पूर्वजांची प्रतिष्ठा हीसुद्धा वारसांनी राखावयाची मालमत्ता आहे, अशी धारणा या आक्षेपांमागे दिसते.

प्रस्तुत विषयाच्या संदर्भात या नाटकातील एकच बाब महत्त्वाची वाटते. घाशीराम हा परमुलुखातून आलेला, पुण्यात कोणतेही घराणे, वतन वा आप्त नसलेला माणूस आहे. पद मिळविण्यासाठी मोजावयास त्याच्याजवळ काहीच नाही. म्हणून तो आपली मुलगी मोजतो. गौरी नानांच्या स्वाधीन होते आणि घाशीरामला कोतवाली मिळते. कानेटकरांच्या नाटकात बापाला चिंता आहे ती आपले संचित मुलाच्या हाती कसे जाईल याची. तेंडुलकरांच्या नाटकात संचितच नसलेल्या बापाचे अपत्य सत्तेच्या बाजारात खर्ची पडते. अखेरीस घाशीराम जमावाच्या हाती दिला जातो आणि नानांचे आसन अबाधित राहते. नेमणुकीने आलेला माणूस बदलता येतो, जन्माने आत असलेले वर्तुळ मात्र तसेच राहते, हे दाखविणारे दुसरे इतके परखड मराठी नाटक सहजी आठवत नाही.

५. 'बलुतं' आणि 'छावा' : वारशाच्या दोन बाजू

दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली, तर शिवाजी सावंत यांची 'छावा' ही कादंबरी १९७९ साली प्रसिद्ध झाली. ही दोन पुस्तके एकत्र वाचण्याची आपली प्रथा नाही. एक दलित आत्मकथन, दुसरी ऐतिहासिक कादंबरी. अभ्यासक्रमात त्यांचे कप्पे वेगळे. वस्तुतः दोन्हींच्या मुळाशी वारसा आहे. संभाजीला वारशाने सिंहासन, त्याबरोबरचे वैर व यातनामय मृत्यू मिळतो. 'बलुतं'मधील मुलाला वारशाने गावकीची कामे व त्यांच्या बदल्यात मिळणारा धान्याचा वाटा मिळतो. पाटलाचे वतन आणि महाराचे वतन हे शब्द एकच. पण एकाचा अर्थ मान, तर दुसऱ्याचा अर्थ वेठ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते हा वारसा म्हणजे बेडी आहे हे ओळखूनच. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ सालीच महार वतने रद्द केली होती. स्वतः दत्तकविधानाने गादीवर आलेल्या राजाने वंशपरंपरागत चाकरीची बेडी तोडावी, ही घटना फुल्यांच्या निकषावर पूर्णपणे उतरते.

संभाजीच्या यातना वाचताना आपले डोळे भरून येतात, ते स्वाभाविक आहे. परंतु वारशात वेठ मिळालेल्या मुलाविषयी ऐतिहासिक कादंबरी मौन बाळगते. किल्ल्यावर त्याचे पूर्वज होते. लाकडे, दवंडी, सांगावा यांशिवाय राज्य चालत नव्हते. त्यांचे दुःख सांगण्यासाठी आत्मकथनाची वाट पाहावी लागली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी ध्यानात येतात. पहिली, मराठी लोकमानसातील राजप्रेम हे सरसकट वंशप्रेम नाही. फुल्यांपासून चालत आलेली कर्तृत्वाची कसोटी तितकीच जिवंत आहे. दुसरी, ऐतिहासिक नाटक-कादंबरीने ही कसोटी पुरेशी वापरली नाही. तिने वारसाला माणूस केले, पण वारशाला प्रश्न केले नाही. तिसरी, तो प्रश्न 'घाशीराम' व 'बलुतं' यांसारख्या कृतींनी विचारला, कारण त्यांनी वारसाहक्काकडे ज्यांना तो नाकारला गेला किंवा शिक्षेसारखा मिळाला त्यांच्या बाजूने पाहिले.

यातून 'स्वामी' किंवा 'रायगडाला जेव्हा जाग येते' यांचे वाङ्मयीन मोल उणावत नाही. परंतु या कृती शिकविताना त्यांच्या भावनिक प्रभावाचे विश्लेषण करणे ही अध्यापकाची जबाबदारी ठरते. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकारणातील विभूतिपूजेविषयी जो इशारा दिला, त्याचा संबंध वाचनसंस्कृतीशीही आहे. अमक्याचा मुलगा म्हणून कोणी नेतृत्वावर हक्क सांगतो तेव्हा तो आपल्याला स्वाभाविक वाटतो. या वाटण्यात आपण आवडीने वाचलेल्या व पाहिलेल्या कथांचाही वाटा असू शकतो. आपल्या वर्गात गादीचे वारसदार बसत नाहीत. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची वतने कायद्याने गेली आणि ज्यांच्या पूर्वजांची वेठ कायद्याने सुटली, अशा दोन्ही घरांतील मुले तेथे शेजारी शेजारी बसतात. संभाजीचे दुःख त्या दोघांनाही आपले वाटावे, हे वाङ्मयाचे सामर्थ्य आहे. त्याच तासाला 'बलुतं'मधील मुलाचे दुःखही दोघांना आपले वाटेल, अशी अध्यापनाची मांडणी करणे आपल्या हाती आहे.