कुलवृत्तांत आणि साधनचिकित्सा : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

मराठीतील कुलवृत्तांतांनी घराण्यांची नामावळी जतन करण्याचे मोठे कार्य केले आहे, यात शंका नाही. तथापि साधनचिकित्सेला या वाङ्मयप्रकारात मिळावे तितके स्थान मिळालेले नाही. दिवाणी दाव्यात दाखल झालेली वंशावळ, तीर्थोपाध्यायांच्या वहीतील नाव व ख्रिस्ती घराण्याच्या बाबतीत बाप्तिस्म्याची नोंद ही साधने एकाच तक्त्यात सारख्याच विश्वासाने बसविली, तर तो तक्ता इतिहास ठरत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात पहिली अडचण स्थळनिश्चितीची आहे. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली आले. या जिल्ह्याचे नाव १९०५ पर्यंत वूण, म्हणजे वणी, असे होते; त्याच वर्षी वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला. पुसदच्या घराण्याचा त्यापूर्वीचा दावा यवतमाळच्या नावाखाली शोधणे म्हणूनच व्यर्थ होय.

दुसरा प्रश्न प्रामाण्याचा. नात्याविषयी मृत व्यक्तीने केलेले विधान वाद उद्भवण्यापूर्वीचे असावे, अशी अट १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या बत्तिसाव्या कलमात होती. न्यायाधीशाची ही कसोटी संशोधकालाही लागू पडते. वाद पेटल्यावर रचलेली वंशावळ ही साक्ष नव्हे, ते पक्षकाराचे म्हणणे होय. धर्मसंस्थेची वहीदेखील याला अपवाद नाही. इंग्लंडात कौटुंबिक बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यू टिपण्याची रूढी होती व अशा नोंदी न्यायालयात पुरावा म्हणून येत. परंतु बर्कली घराण्याच्या सरदारकीच्या प्रकरणात १७८५ च्या विवाहाची चर्चच्या वहीतील नोंद पुढे करण्यात आली असता, उमराव सभेने १८११ मध्ये तो विवाह सिद्ध मानला नाही.

मात्र एवढ्यावरून दाव्याचे कागद त्याज्य ठरत नाहीत. वारस कोण याविषयी ते पक्षपाती असतील. पण जे वादाचा विषयच नव्हते, ते त्यांत सहजगत्या आलेले असते. मुंबई शाखेच्या हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे विधवेला पतीच्या स्पष्ट अनुमतीवाचूनही दत्तक घेता येई. त्यामुळे पुरुषांपुरत्याच मर्यादित वंशवृक्षातून गळालेल्या विधवा, सवती व लेकी दत्तकाच्या आणि पोटगीच्या दाव्यांत नावागावासह भेटतात. कुलवृत्तांतकाराने या कागदांतून प्रथम त्यांचा शोध घ्यावयास हवा.

हा विषय केवळ कुलाभिमानाचा राहिलेला नाही. जातपडताळणीत स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांचे पुराव्याचे मूल्य अधिक असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे. ज्या गोंड वा कोलाम कुटुंबाचा कुलवृत्तांत कोणी लिहिला नाही, त्याला कोतवाल बुकातील किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील एक ओळच आधाराची असते. प्रत्येक नावापुढे ती नोंद कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने केली हे नमूद करणे, ही म्हणूनच कुलवृत्तांतकाराची किमान जबाबदारी मानली पाहिजे.