न ऐकण्यासाठी रचलेले संगीत

आमच्या मंडळाच्या या त्रैमासिकात आजवर कादंबरी, नाटक आणि क्वचित चित्रपट यांविषयी लिहिले गेले. संगणकावरील खेळाविषयी लिहिण्याची पाळी आमच्यावर यावी याचे काही वाचकांना नवल वाटेल, आम्हांलाही वाटले. परंतु 'व्हिज्युअल नॉव्हेल' या नावाने ओळखला जाणारा जपानी प्रकार खेळ कमी आणि कादंबरी अधिक आहे. पडद्यावर एखादे स्थळ, त्यापुढे उभे असलेले पात्र आणि खाली चौकटीत एक-दोन वाक्ये. कळ दाबली की पुढचे वाक्य येते. मधूनच कोठे जावे, कोणाशी बोलावे असा पर्याय पुढे ठेवला जातो आणि त्यावरून कथेची वाट ठरते. बाकी सारे वाचनच. या वाचनाच्या मागे जवळजवळ अखंड संगीत चालू असते, आणि आमचा विषय तेवढाच आहे.

पुण्यास अभियांत्रिकी शिकणारा आमचा नातू उन्हाळ्याच्या सुटीत इंदूरला आला असता त्याने 'क्लॅनाड' ही कृती आमच्या संगणकावर घालून दिली. 'की' या जपानी संस्थेने ती 2004 साली प्रसिद्ध केली. इंग्रजी आवृत्ती 2015 साली निघाली. शाळकरी प्रेमकथांची ही परंपरा तशी जुनी आहे. 'तोकिमेकी मेमोरियल' 1994 चे, 'टू हार्ट' 1997 चे. 'क्लॅनाड'मध्ये तोमोया नावाचा बापाशी अबोला धरलेला, शाळेला कंटाळलेला मुलगा आणि नागिसा नावाची, आजारपणामुळे वर्ष मागे पडलेली मुलगी यांची कथा आहे. शाळेच्या चढाच्या पायथ्याशी त्यांची गाठ पडते. पुढे विवाह होतो, संसार होतो. हे वाचण्यास आम्हांला, शब्दकोश शेजारी ठेवून, सगळा उन्हाळा लागला.

आता एक खाजगी गोष्ट सांगणे भाग आहे. आम्ही कानाला यंत्र लावतो आणि रात्री ते काढून ठेवतो. वाचन बहुधा रात्रीचे. बाहेर हिमवर्षाव होत असताना नागिसाला घरीच मूल होते आणि ती जाते, तो प्रसंग आम्ही असाच नि:शब्द शांततेत वाचला. दुसऱ्या दिवशी नातवाने विचारले, "आबा, रडू आलं ना?" आम्ही प्रामाणिकपणे नाही म्हणालो. त्याचा चेहरा पडला. मग यंत्र काढल्याचे त्याच्या ध्यानात आले. त्याने स्वत:चे मोठे हेडफोन आमच्या कानांवर चढवले, आवाज वाढवला आणि तोच प्रसंग पुन्हा काढून दिला. या खेपेस आमचा गळा दाटून आला, हे कबूल करतो.

प्रश्न येथेच उभा राहिला. वाक्ये तीच, चित्रे तीच, वाचणारा तोच. तर मग आमचे डोळे कोणी ओलावले, लेखकाने की पियानोने? साहित्याचा वाचक म्हणून साठी ओलांडलेल्या माणसाला हा प्रश्न काहीसा अपमानकारक वाटतो.

प्रथम या संगीताची घडण पाहू. चित्रपटाचा संगीतकार क्षण मोजू शकतो. दार केव्हा उघडणार, नायिका केव्हा वळणार, हे त्याला ठाऊक असते. येथे कळ वाचकाच्या हाती असते. आमचा नातू एक प्रसंग पाच मिनिटांत संपवतो, आम्हांला पाऊण तास लागतो. म्हणून दोन-तीन मिनिटांची चाल बांधायची, तिचे शेपूट तोंडाला असे जोडायचे की सांधा कळू नये, आणि ती फिरत ठेवायची. अशा चालीला शिखर गाठून विसावा घेता येत नाही. समेवर येऊन दाद घेणे तिच्या नशिबी नाही. तिने ऐकणाऱ्याचे लक्ष वेधले की तिचे काम बिघडले. आमच्या पिढीला दृष्टान्त द्यायचा तर तंबोऱ्याचा देता येईल. तंबोरा ऐकायला मैफिलीला कोणी जात नाही, पण तो थांबला तर गवयाच्या पायाखालची जमीन सरकते.

संगीत नाटकाचे याच्या अगदी उलट. 'सौभद्र' 1882 चे. तेव्हापासून आपल्या रंगभूमीवर पात्र स्वत: गाते, कथा तेवढा वेळ बाजूला उभी राहते आणि प्रेक्षक 'वन्स मोअर' देऊन तिला आणखी थांबवतात. तेथे संगीत ऐकण्यासाठीच असते, येथे न ऐकण्यासाठी. आपल्याकडच्या कोणी रसिकाने या खेळांच्या चाली 'बाळबोध' म्हणून बाजूला टाकल्या तर तो तंबोऱ्याला ताना घ्यायला सांगतो आहे असे समजावे.

पण संथ वाचकाची यात शिक्षा होते, हेही नोंदवले पाहिजे. 'क्लॅनाड'च्या पूर्वार्धात विनोदी प्रसंग पुष्कळ आहेत आणि त्यांना उड्या मारणाऱ्या चाली आहेत. तीच चाल अकराव्यांदा सुरू झाली की विनोद उरत नाही, वैताग उरतो. नातवाला हा दोष कधी दिसलाच नव्हता. त्याचा प्रसंग दुसऱ्या फेरीत संपत असे. तल्लीनता अशी वाचनाच्या वेगावर टांगलेली असेल, तर रचनाकाराने कोणता वाचक गृहीत धरला होता हे विचारावेसे वाटते. दिवाण बहादुरांच्या बारातीत बॅंडवाल्यांना एकच गाणे येत असावे, तसा तो अनुभव होता.

'क्लॅनाड'च्या बाबतीत मात्र एक गोष्ट विशेष आहे. तिचा प्रमुख लेखक जुन माएदा हाच तिच्या संगीतकारांपैकी एक. शिंजी ओरितो आणि मागोमे तोगोशी हे दुसरे दोघे. 2004 च्या मूळ आवृत्तीत पात्रांना आवाज नव्हते. संगणकावरची सर्व पात्रे बोलणारी आवृत्ती 2008 साली निघाली. म्हणजे आरंभी वाक्याचा स्वर, त्यातला कंप, त्यातली चेष्टा हे सारे सांगण्याची जबाबदारी चालीवरच होती. आम्ही पात्रांचे आवाज बंद करून पाहिले तेव्हा संगीताची कामगिरी अधिक स्वच्छ दिसली.

नागिसाच्या नावाचीच एक चाल आहे. साधी, पाळण्याच्या जवळ जाणारी. 2007 च्या दूरचित्रवाणी मालिकेत हिच्यावरच शब्द बसवून शेवटचे गीत केले गेले. कथेत ती प्रथम येते तेव्हा लक्षात राहण्यासारखे तिच्यात काही वाटत नाही. पुढे तीच चाल मंद होऊन, 'चढाच्या पायथ्याशीचा निरोप' अशा अर्थाचे नाव घेऊन परत येते. तोवर आपण तिच्यासह शेकडो पाने वाचलेली असतात. त्या मुलीचे पावाचे दुकान चालवणारे आईबाप, तिची नाट्यमंडळ पुन्हा उभे करण्याची धडपड, तिचे चढापाशी थबकणे, हे सारे त्या सुरांत आपल्या नकळत साठलेले असते. येथे संगीत लेखकाचे काम हिरावून घेत नाही. लेखकाने जे पेरले तेच ते परत करते. याला आम्ही योग्य उपयोग म्हणू.

अयोग्य उपयोगही त्याच कृतीत आहे. पुष्कळ ठिकाणी करुण चाल वाक्याच्या आधी येते. बातमी अजून चौकटीत उमटलेली नसते आणि पियानो सुतकात बसलेला असतो. भरताने हास्य-शृंगाराला मध्यम-पंचम नेमून दिले खरे, पण विभाव-अनुभावांची जागा स्वरांनी घ्यावी असे तो कोठे म्हणत नाही. नागिसाच्या मृत्यूचा प्रसंग आम्ही तिसऱ्यांदा, पुन्हा यंत्र काढून वाचला. पुन्हा कोरडे राहिलो. तेथील गद्य लांबलेले आहे. नायकाचा विलाप तेच तेच सांगतो. त्या प्रसंगाला संगीताने उचलून धरले आहे, असा आमचा निर्णय झाला.

पुढील प्रसंगाचे तसे नाही. पत्नी गेल्यावर तोमोया मुलीला सासू-सासऱ्यांकडे सोडतो आणि पाच वर्षे तिच्याकडे पाहत नाही. मग सासूच्या युक्तीने दोघांचा एकत्र प्रवास घडतो. फुलांच्या माळावर मुलीचे खेळण्यातले यंत्र हरवते. बापाने घेऊन दिलेली ती पहिलीच वस्तू, म्हणून ती शोधत राहते, दुसरे नको म्हणते. रडायचे कोठे, याचे आजीने घालून दिलेले नियमही ती सांगते. हा भाग आम्ही प्रथम हेडफोन लावून वाचला आणि उघडपणे रडलो. मग संशय आला. नोकरीतील बदल्यांमुळे आमचा मुलगा सहा वर्षे ग्वाल्हेरला मामाकडे वाढला. महिन्यातून एक रविवार आम्ही जात असू आणि त्याला प्रगतिपुस्तक विचारत असू. तेव्हा हे अश्रू पियानोचे नसतील तर आमचे आहेत, आणि आमचे असतील तर त्यांचे पुढे काही करावे लागेल. दुसऱ्या रात्री यंत्र काढून, दार लावून, तोच भाग पुन्हा वाचला. पहिल्यापेक्षा जड गेला. वाक्ये आखूड होती, मूल मुलासारखे बोलत होते, आणि कोणीही आम्हांला रडण्याची सूचना देत नव्हते.

नातवाने जाता जाता आणखी एक कृती दाखवली. 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' ही अमेरिकेत डॅन साल्वातो याने रचलेली, 2017 साली विनामूल्य प्रसिद्ध झालेली. शाळेतले साहित्य मंडळ हा तिचा विषय. सभासद कविता लिहून परस्परांना दाखवतात. आमच्या मंडळाच्या मासिक बैठकीपेक्षा तेथे उपस्थिती कमी असूनही वादावादी मात्र तोडीस तोड आहे. वरून प्रेमकथा वाटते, पण ती लहान मुलांसाठी नाही, असा इशारा आरंभीच दिलेला आहे आणि तो खरा आहे. कविता दाखवण्याच्या वेळी चाल एकच असते, परंतु समोरच्या मुलीप्रमाणे वाद्ये बदलतात. मोनिका या अध्यक्षेपाशी गेलो की पियानो. चार-सहा भेटींत कानाला सवय लागते. मग कथा बिघडू लागते तसतशी तीच ओळखीची चाल पट्टी सोडते, घसरते. वाक्य अजून सभ्य असते आणि पायाखालचा तंबोरा उतरलेला असतो. शेवटचे गीत मोनिकाच्या तोंडी आहे, आणि त्याची चाल आपण पहिल्या पडद्यापासून ऐकत आलेलो असतो. न ऐकण्यासाठी रचलेले संगीत एकदम ऐकायला लावणे, ही युक्ती एका कृतीत एकदाच साधते.

ही कृती 'रेनपाय' नावाच्या मुक्त साधनावर रचलेली आहे. नातवाने त्या साधनाची एक नमुना-संहिता उघडून दाखवली. संवादांच्या ओळींमध्येच 'प्ले म्युझिक', 'स्टॉप म्युझिक' अशा ओळी लिहिलेल्या होत्या. म्हणजे संगीत थांबवणे हेही तेथे लिहिणाऱ्याचे वाक्य असते. 'क्लॅनाड'मधील ज्या जागा आम्हांला सर्वाधिक भिडल्या त्या चाल सुरू होण्याच्या नव्हत्या, थांबण्याच्या होत्या. तासभर फिरत असलेले सूर एकाएकी बंद होतात, कळ दाबल्याचा आवाज तेवढा उरतो आणि पुढचे वाक्य उघड्यावर येते.

नातू परत गेला. जाण्यापूर्वी त्याने संगीताची पट्टी पुन्हा भरपूर वर नेऊन ठेवली होती; आम्ही ती अर्ध्यावर आणली आहे. उत्तरार्ध दुसऱ्यांदा वाचायला घेतला आहे. पुढच्या महिन्यात मुलगा येणार आहे. त्याला तो माळावरचा भाग वाचायला द्यावा असे मनात आहे, हेडफोनशिवाय.