कोरी पाटी : एक नाट्यपरीक्षण

नोकरीत असताना आमच्या बँकेच्या वार्षिक अंकात नाट्यपरीक्षणे लिहिण्याचे काम माझ्याकडे असे. कारण एवढेच, की कर्ज विभागात ऱ्हस्व-दीर्घाची भीती न बाळगणारा मी एकटाच होतो. निवृत्त झालो, अंकही बंद पडला, पण खोड गेली नाही. कुठलीही गोष्ट तीन तास खुर्चीत बसून पाहिली, की तिच्यावर परीक्षण लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. असा एक प्रयोग नुकताच माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर झाला. प्रेक्षक दोन : मी आणि आमची ही. नाटकाचे नाव 'क्लीन इन्स्टॉल'.

म्हणजे संगणकातली जुनी ऑपरेटिंग सिस्टिम समूळ काढून तिथे नवी कोरी बसवायची. बोलीभाषेत याला 'फॉरमॅट मारणे' म्हणतात. आपल्या भाषेत मारण्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. आपण गप्पा मारतो, थापा मारतो, झाडू मारतो, शिक्का मारतो. त्यातल्या कशानेही सहसा कोणी मरत नाही. फॉरमॅट हा पहिलाच प्रकार असा, की ज्यात मारणे हे क्रियापद मनापासून काम करते.

नांदी थोडक्यात सांगतो. माझा संगणक २०१९ सालचा. अलीकडे तो सुरू करून मी दाढी करायला जात असे आणि दाढी आटोपून आलो तरी तो गोल गोल फिरतच असे. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला. सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला बोलावले. त्याने यंत्राकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "काका, फॉरमॅट मारायला लागेल."

इथेच परीक्षकाचा पहिला आक्षेप. आमच्या लहानपणी दवाखान्यातला कंपाउंडर ताप, खोकला, पोटदुखी सगळ्यांना एकाच बरणीतले लाल औषध द्यायचा. फॉरमॅट हे आजचे लाल औषध आहे. वर्षानुवर्षे साचलेले निरुपयोगी प्रोग्राम, बिघडलेल्या फाइली, आगंतुक व्हायरस, हे रोग त्याने बहुधा बरे होतात, हे मान्य. पण डिस्क म्हातारी झाली असेल, रॅम अपुरी असेल किंवा आतल्या पंख्यावर बोटभर धूळ बसली असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिम कितीही वेळा बदला, फरक पडायचा नाही. सांधे दुखणाऱ्या माणसाने नवे कपडे घालून काय होणार? हे मी त्या मुलाला सांगितले. त्याने पेटी उघडली, ब्रशने धूळ काढली, कसल्याशा प्रोग्रामने डिस्क तपासली आणि म्हणाला, "काका, डिस्क चांगली आहे. मारूया?"

पहिला अंक पेनड्राइव्हचा. किमान आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घेऊन त्यावर नव्या सिस्टिमचा सेटअप उतरवायचा. १९९५ साली विंडोज ९५ फ्लॉपीवर मिळे, तेव्हा तब्बल तेरा फ्लॉप्या एकामागून एक घालाव्या लागत. तेराव्या फ्लॉपीचा योगायोग तेव्हाच्या कोणाच्या लक्षात आला होता की नाही, ठाऊक नाही. आता सगळे बोटाएवढ्या काडीत मावते. या अंकात नाट्य फारसे नाही. यंत्र सुरू होता होता नेमकी कुठली कळ दाबायची, एफ २, एफ १२ की डिलीट, एवढाच एक विनोदी प्रवेश. दर कंपनीची कळ वेगळी. आमच्या सूत्रधाराने तिन्ही दाबल्या, तबला लावणाऱ्याच्या उत्साहाने.

दुसरा अंक मात्र जबरदस्त. पडदा उघडताच भाषा आणि घड्याळ विचारतात. आपल्या वेळेच्या नावापुढे चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी चार शहरे लिहिलेली आहेत. "डोंबिवली नाही का?" असे मी विचारले. मुलगा म्हणाला, "काका, मुंबईत धरतात." चला, कुठेतरी धरतात!

आणि मग येतो तो उत्कर्षबिंदू : कुठे बसवू? पडद्यावर यादी येते. डिस्क ०, पार्टिशन १. डिस्क ०, पार्टिशन २. पार्टिशन ३. पार्टिशन ४. माझा नाटककारावर मुख्य आरोप इथे आहे. सहा वर्षे आम्ही या मंडळींना 'सी' आणि 'डी' म्हणून ओळखत आलो. सीमध्ये सिस्टिम, डीमध्ये फोटो. आणि नेमके ज्या प्रवेशात एकाचा गळा चिरायचा आहे, त्या प्रवेशात दोघेही नाव न सांगता, छातीवर नुसता नंबर लावून उभे! त्यातून माझी एक टीबीची डिस्क दुकानदाराने बरोबर अर्धी अर्धी केलेली. दोघांचे आकारमान ४६५ जीबी. जुळ्या भावांचे नाटक विनोदी असते हे खरे, पण शेवटी कोणाला फाशी द्यायची असेल तर असू नये. (हा प्रसंग टाळायचा असेल, तर आधीच ड्राइव्हला नावे देऊन ठेवावीत. सेटअपच्या यादीत अक्षर दिसत नाही, पण दिलेले नाव दिसते. हे शहाणपण मला नंतरचे.)

मुलगा मोकळ्या जागेच्या आकड्यावरून ओळख पटवत होता. बोट माऊसवर. एवढ्यात मागून आवाज आला :

"अहो, आईंचं लोणचं कुठंय?"

"फडताळात असेल."

"ते नव्हे. तुम्ही टाइप केलेलं."

मी म्हणालो, "ते सीमध्ये नाहीच. ते डेस्कटॉपवर आहे."

मुलाने माऊस सोडला. "काका, डेस्कटॉप सीमध्येच असतो."

वाचकहो, हे वाक्य मी मराठी रंगभूमीवरच्या कुठल्याही स्वगताइतके परिणामकारक मानतो. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, ज्या ज्या जागा आपण पडद्यावर रोज समोर पाहतो, त्या सहसा सगळ्या सीच्याच पोटात असतात. समोर दिसते ते सुरक्षित असते, हा समज मी साठ वर्षे बाळगून होतो.

सेटअप बंद केला. जुनी सिस्टिम पुन्हा सुरू केली. ती तिच्या सवयीप्रमाणे वीस मिनिटांनी उगवली. फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. यालाच मध्यंतर समजून हिने सगळ्यांना चहा दिला.

ती फाइल काय होती, ते सांगायला हवे. २००३ साली आईच्या डोळ्यांना दिसेनासे झाले, तेव्हा ती सांगेल तसे मी टाइप केले होते. लोणची, मेतकूट, सांडगे, आणि मधूनमधून तिच्या माहेरच्या गोष्टी. सत्तावीस पाने. आई २००५ साली गेली.

तिसरा अंक रटाळ आहे. त्याआधी सेटअप एका चौकटीत खूण करायला लावतो : फाइली, अ‍ॅप आणि सेटिंग्ज सगळे पुसले जाईल, हे मला मान्य आहे. म्हणजे इशारा दिला नाही असे म्हणता येणार नाही. मग टक्के सुरू होतात. संवाद असे, की "तयारी करत आहोत", "थोडाच वेळ लागेल", "यंत्र बंद करू नका". ही भाषा मी कुठेतरी ऐकली होती. थोड्या वेळाने आठवले. कर्जाच्या अर्जदारांना मी तीस वर्षे हेच सांगत होतो.

अखेर नवा पडदा उघडला. निळाशार, गुळगुळीत. यंत्र मिनिटभरात सुरू झाले. गीतेत आत्मा तोच राहतो आणि देह बदलतो. इथे देह तोच आणि आत्मा नवा. त्या नव्या आत्म्याला माझी काहीच ओळख नव्हती. माझे नाव विचारले, प्रिंटर कोण ते विचारले. मी आईची फाइल उघडली.

फाइल उघडली. सत्तावीसच्या सत्तावीस पाने होती. पण त्यात एकही मराठी अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, कंस, टक्के, प्रश्नचिन्हे. टाइपरायटरवरून मांजर चालत गेल्यासारखा मजकूर.

कारण साधे आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच जागा आहे, विंडोज २००० पासून सिस्टिममध्येही सोय झाली. पण २००३ साली माझ्यासारखे लोक अजून जुने फॉन्ट वापरत होते. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले असे. फाइलमध्ये साठवले जाई ते इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्याला मराठी रूप देई. फॉन्ट राहतात विंडोजच्या फोल्डरमध्ये. ते फोल्डर सीमध्ये. सी आता कोरा.

परीक्षकाचा अंतिम आक्षेप हाच. पुसल्या जाणाऱ्या गोष्टींच्या यादीत फाइली आहेत, अ‍ॅप आहेत, सेटिंग्ज आहेत. पण फाइल शाबूत राहून तिच्यातला आवाज जाऊ शकतो, हे कोणी सांगत नाही. मुलाचा चेहरा उतरला. "सॉरी काका," म्हणाला. त्याची चूक नव्हती. त्या फॉन्टचे नाव त्याच्या जन्माआधीचे होते.

ही काही न बोलता आत गेली आणि शिवणाच्या डब्यातून एक सीडी घेऊन आली. वर माझ्याच अक्षरात 'मराठी फॉन्ट – टाकू नये' असे लिहिलेले. गेली कित्येक वर्षे ती बटणांच्या खाली पडून होती. "तुम्हीच लिहिलंय टाकू नये, म्हणून टाकली नाही," ही म्हणाली.

फॉन्ट चढला. मुलाने फाइल बंद करून पुन्हा उघडली. पहिली ओळ : "कैरी आदल्या दिवशी पुसून ठेवावी. मीठ हाताला येईल तेवढं."

तिघेही थोडा वेळ गप्प होतो. मग ही म्हणाली, "हाताला येईल तेवढं म्हणजे किती, ते तेव्हाच विचारायला हवं होतं तुम्ही."

पुढे मुलाने ती सत्तावीस पाने युनिकोडमध्ये बदलून दिली. त्या बदलात काही जोडाक्षरे मोडली, म्हणून आम्ही दोघांनी चार संध्याकाळी बसून ती दुरुस्त केली. आता तीन प्रती आहेत : एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर, आणि एक कागदावर छापून पुण्याला बहिणीकडे. सीडी पुन्हा बटणांखाली.

तर अभिप्राय. प्रयोग पाहण्यासारखा आहे. यंत्र खरोखरच पळते. पण फॉरमॅट मारण्याआधी काय काय पुसले जाईल, याची यादी सेटअपवर न सोपवता घरात मोठ्याने वाचावी. यंत्राला ठाऊक नसलेले पान घरातल्या कोणाला तरी आठवते. प्रयोगानंतर मुलाला मानधन विचारले, तर तो म्हणाला, "काका, पैसे नकोत. त्या लोणच्याची बाटली द्या."

ही विचारते आहे, मीठ किती घालू?